पावणेतीन लाखांत सहा गाणी

अल्बम करायचं ठरवलंय असं ज्याला ज्याला सांगितलं, त्याचा पहिला प्रश्न एकच होता. स्टुडिओ तासाला किती घेतो? हिशोब पूर्ण मांडून झाला तेव्हा स्टुडिओचं भाडं एकूण खर्चाच्या पंधरा टक्क्यांच्या जवळपास आलं. बाकीचे पैसे कुठे गेले आणि ते ठरवताना माझ्याच गाण्यांबद्दल मला काय कळत गेलं, ते सविस्तर लिहिते आहे. चाली बांधणारी, उत्तम गाणारी बरीच मंडळी नाशिकमध्ये आहेत. ‘मुंबईला जावं लागेल, फार पैसे लागतील’ एवढ्यावर त्यांच्या चाली वहीतच राहतात. त्यांना आकडे हवे असतात आणि आकडे कोणी उघड सांगत नाही.

मी गंगापूर रोडला घरीच गाण्याचे क्लास घेते. गांधर्व मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवते. अल्बमसाठी पैसे होते ते पोस्टातल्या पाच वर्षांच्या आरडीचे, तीन लाखांच्या आसपास. त्यापलीकडे एक रुपया घालायचा नाही आणि कर्ज काढायचं नाही, हे पहिल्या दिवशीच घरात ठरलं. कर्जाबद्दल माझ्या गुरूंचं मत फार ठाम होतं आणि त्याला ते पलुस्करांचा दाखला देत. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे मुंबईला कर्ज काढून मोठी वास्तू उभी केली आणि ती कर्जापायीच लिलावात गेली. इथे नाशिकला रामनाम आधार आश्रमही त्यांनीच काढला. एवढ्या मोठ्या माणसाला पैशाच्या बाजूने इतकं सोसावं लागलं, तर आपण अंथरूण पाहूनच पाय पसरावेत, असं गुरुजी म्हणायचे. मी ते मनापासून मानलं.

सुरुवातीला गाणी आठ होती. एका कवी-मित्राच्या सहा कविता आणि संत निवृत्तिनाथांचे दोन अभंग. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला, पौषातली त्यांची यात्रा लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे ते दोन अभंग सोडायचा प्रश्नच नव्हता. आठही गाण्यांना मनात जसं ऐकू येत होतं तसं सगळं धरून, म्हणजे बासरी, व्हायोलिन, गिटार, कोरस, एका गाण्याचा व्हिडिओ असं मांडत गेले, तर बेरीज साडेचार लाखांच्या पुढे गेली. मग व्हिडिओ काढला. तो काढताना फारसं वाईट वाटलं नाही, कारण पंचवीस हजारांत जो व्हिडिओ होतो तो गाण्याला खाली ओढतो असं माझं मत आहे. त्यानंतर गाण्यांकडे वळावं लागलं.

इथे मला एक पद्धत सापडली ती सांगते. एक्सेलमध्ये खर्चाच्या नावाने रकाने सगळेच करतात. मी त्याशिवाय प्रत्येक गाण्याची एक वेगळी ओळ केली आणि त्या गाण्यावर थेट होणारा खर्च तिच्यात टाकला. तोवर माझ्या डोक्यात ‘तबल्याचे एवढे, मिक्सिंगचे एवढे’ असं होतं. ओळ गाण्याची झाल्यावर दिसलं की संयोजन केलेल्या, म्हणजे कुठे कोणतं वाद्य काय वाजवेल हे अरेंजरने बांधून दिलेल्या एका गाण्याला पन्नास हजारांच्या वर लागतात आणि अभंगाला बावीस हजारांच्या आसपास. अरेंजरचे पंधरा हजार, तबल्याचे साडेतीन, बासरीचे सहा, गिटारचे चार, मिक्सिंग-मास्टरिंगचे (सगळे आवाज जुळवून शेवटची फाइल तयार करण्याचे) नऊ, कवीचे मानधन पाच आणि नऊ तासांचा स्टुडिओ, असं ते पन्नास हजारांचं गाणं. अभंगाला पखवाज, हार्मोनियम, टाळ, मागे चार आवाज आणि सगळ्यांनी एकत्र बसून गायचं. मग प्रत्येक गाण्यापुढे मी स्वतःला विचारलं की हे पन्नास हजारांचं गाणं आहे का? दोन गाण्यांना उत्तर देताना मी अडखळले. चाली आवडत्या होत्या, पण एकीचा अंतरा अजून पक्का नव्हता आणि दुसरी तिसऱ्या क्रमांकाच्या गाण्याच्या फार जवळ जात होती. त्या दोन्ही बाजूला ठेवल्या. आठाची सहा झाली.

व्हायोलिनचंही तसंच झालं. दोन गाण्यांत धरलं होतं. त्यातल्या एकात बासरी जे म्हणत होती तेच व्हायोलिन म्हणणार होतं. पाच हजार वाचवायचे म्हणून ते काढलं, आणि त्या जागी काहीच न भरता दोन ओळींमधली जागा मोकळी सोडली. आज ऐकताना ती मोकळी जागाच मला गाण्याचा श्वास वाटते. तिसऱ्या गाण्यातली गिटारही अशीच गेली.

शेवटी जो कागद पक्का झाला त्याचे आकडे असे. चार गाण्यांचं संयोजन ६०,००० रुपये. स्टुडिओ ४५ तास, तासाला ८०० रुपयांप्रमाणे ३६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४२,४८०. वादकांचे ६३,०००. कोरसचे ६,०००. मिक्सिंग आणि मास्टरिंग ४८,०००. कवीचे मानधन २०,०००. मुखपृष्ठ आणि फोटो ८,०००. शब्दांच्या पुस्तिकेच्या ३०० प्रती १२,०००. ऑनलाइन वितरण २,५००. चहा, जेवण, पेट्रोल, रिक्षा ९,०००. हार्ड डिस्क ५,०००. बेरीज २,७५,९८०. म्हणजे गाण्यामागे साधारण ४६,०००. उरलेले चोवीस हजार हाताशी ठेवले. दहा टक्के हाताशी असावेत असं मला वाटत होतं, त्याला थोडे कमी पडले, पण तेवढ्यासाठी आणखी काही कापायचं मन झालं नाही.

जीएसटीबद्दल एक सांगते, कारण तिथे बेरीज हमखास चुकते. स्टुडिओवाले फोनवर दर सांगतात तो बहुतेक वेळा कर सोडून असतो. ‘प्लस जीएसटी का?’ हे विचारायलाच हवं. वादक, कवी, चित्रकार यांची उलाढाल सहसा वीस लाखांच्या आत असते, त्यामुळे त्यांच्या मानधनावर हा कर येत नाही.

दर काढायला मी नाशिक, पुणे आणि मुंबई तिन्हीकडे फोन केले. नाशिकला ८००, पुण्याला १,२००, मुंबईला २,००० असे आकडे समोर आले. मुंबईचा स्टुडिओ घेतला असता तर तेवढ्याच तासांचे ९०,००० आणि वर कर, पंचवटी एक्सप्रेसचं येणं-जाणं, कुठेतरी उतरणं. शिवाय आमचे तबल्याचे दादा आणि पखवाजाचे काका इथले. त्यांना घेऊन जायचं तर त्यांचा अख्खा दिवस मोडतो आणि त्या दिवसाचे पैसे द्यायलाच हवेत. म्हणून ठरलं की रेकॉर्डिंग नाशिकला आणि मिक्सिंग मुंबईच्या एका इंजिनिअरकडे, फाइल पाठवून. बासरीवादकही मुंबईचे. त्यांनी स्वतःच्या घरच्या सेटअपवर वाजवून फाइल पाठवल्या, त्यामुळे त्यांच्या सहा हजारांत स्टुडिओही आला.

फोनवर दरापेक्षा मी दुसरेच प्रश्न जास्त विचारले. लाइट गेले तर ती वेळ मोजणार का? माइक लावायला आणि वाद्य मिळवायला जाणारा वेळ मीटरमध्ये धरता का? रेकॉर्डिंगला बसणारा इंजिनिअर दरात आहे की वेगळा? काम संपल्यावर प्रत्येक वाद्याची वेगळी मूळ फाइल देणार का, आणि तिचे पैसे घेणार का? शेवटच्या प्रश्नावर दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओने सरळ सांगितलं की मिक्सिंगही आमच्याकडेच करावं लागेल, नाहीतर फाइलचे प्रत्येक गाण्यामागे वेगळे पैसे पडतील. तिथला तासाचा दर त्या शहरात सगळ्यांत कमी होता. मी नको म्हटलं.

मूळ फाइल आपल्या हातात असणं किती महत्त्वाचं आहे हे पुढे पदोपदी जाणवलं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची एका माइकची फाइल मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा घेते. पाच मिनिटांच्या गाण्यात चाळीस ट्रॅक असतील तर एका गाण्याला पावणेदोन जीबीच्या आसपास. त्यात टेक, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा घेतलेलं रेकॉर्डिंग, अनेक असतात. म्हणून ती पाच हजारांची हार्ड डिस्क. दर सत्र संपलं की त्या दिवसाच्या फाइल एक घरच्या कॉम्प्युटरवर आणि एक डिस्कवर, अशा दोन ठिकाणी जात. स्टुडिओतला इंजिनिअर मुलगा सुरुवातीला म्हणाला, “ताई, माझ्याकडे आहेत ना सेव्ह.” पण मी रोज तो अर्धा तास थांबायचेच.

आता तयारीबद्दल, कारण खरी बचत तिथे झाली. स्टुडिओत काहीही ठरवायचं नाही, ठरलेलं फक्त गायचं, असा नियम केला. पट्टी (म्हणजे कोणत्या स्वराला सा धरून गायचं), लय, किती वेळा मुखडा, कुठे थांबायचं, सगळं घरच्या हॉलमध्ये ठरलं. पट्टीचा निर्णय सगळ्यांत महाग असतो. एक गाणं मला पेटीच्या काळी चारमध्ये सोपं जात होतं आणि त्याहून उंच काळी पाचमध्ये जास्त खुलत होतं. हे अरेंजरने काम सुरू करण्याआधी ठरायला हवं, कारण पट्टी बदलली की तबला बदलतो, बासरी बदलते, प्रोग्रॅमिंग पुन्हा करावं लागतं, आणि वाजवून झालेलं असेल तर वादकाला पुन्हा पैसे द्यावे लागतात. मी दोन्ही पट्ट्यांत मोबाइलवर रेकॉर्ड करून आठवडाभर ऐकलं. रियाज झालेल्या गळ्याने, सर्दीत, संध्याकाळी क्लास संपल्यावर थकलेल्या गळ्याने. काळी पाच ठरली. लयीचंही तसंच. मेट्रोनोम लावून तबल्याच्या दादांबरोबर बसून प्रत्येक गाण्याचा आकडा लिहून घेतला. मिनिटाला ९२ ठोक्यांना गाणं धावत होतं आणि ८८ला शब्द कळत होते, असे शोध हॉलमध्ये फुकट लागतात. स्टुडिओत तेच शोध तासाला ९४४ रुपयांना पडले असते.

तारखा कोणत्या घ्यायच्या हाही पैशाचाच प्रश्न आहे, आणि याचं उत्तर मला तबल्याच्या दादांनी दिलं. “ताई, पितृपक्षात घ्या. कोणी कार्यक्रम ठेवत नाही, सगळे घरी असतात.” गणपतीआधी महिना-दीड महिना संध्याकाळी ढोलपथकांचा सराव चालतो. नाशिक ढोल आपला अभिमानच आहे, पण चांगल्या कंडेन्सर माइकला तो दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येतो. गणपतीत वादक मोकळे नसतात. नवरात्र सुरू झालं की कोजागिरी, दिवाळी पहाट अशी रांग लागते आणि मानधनही चढतं. मध्ये भाद्रपदाचा वद्य पक्ष तेवढा मोकळा. रामकुंडावर श्राद्धविधींना गर्दी असते, पण स्टुडिओ रिकामे असतात आणि वादक निवांत. कुणालाच पुढच्या कार्यक्रमाला पळायचं नसतं, त्यामुळे ‘आणखी एकदा घेऊ या’ म्हटलं की कोणी घड्याळ पाहत नाही. घरातल्या मोठ्यांनी ‘या दिवसांत नवं काम कशाला’ असं म्हटलं. त्यावर तालमीचा आणि पूजेचा नारळ गणपतीतच फोडून घेतला आणि काम आधीच सुरू झालं असं सगळ्यांचं समाधान झालं.

अभंगांचं रेकॉर्डिंग मला विशेष सांगायचं आहे. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या बाजूला, दर वेळी ताजी कणीक लावावी लागते. काका घरूनच पीठ डब्यात आणतात आणि स्टुडिओत पाणी मागून घेऊन मळतात. आधी घट्ट गोळा, मग अंगठ्याने दाबत दाबत मधोमध पुरीएवढा थर. हाताने थाप मारून ऐकायची, किंचित पाणी लावायचं, कडेची थोडी कणीक काढायची, पुन्हा थाप. घुमारा भरून आला की मग उजवी बाजू हातोडीने लाकडी गठ्ठ्यांवर ठोकत सुराला आणायची. हे सगळं व्हायला पाऊण तास सहज जातो. त्यात टेकच्या वेळी आवाज नको म्हणून एसी बंद, मध्ये उकडतं म्हणून चालू. एसीच्या कोरड्या हवेत कणीक सुकते, वजन कमी होतं आणि धुम्याचा आवाज वर चढतो. दुसऱ्या टेकला काका थांबले आणि म्हणाले, “ताई, बोलत नाही हा आता.” मला ऐकू आलं नव्हतं. इंजिनिअरने पहिला टेक आणि हा टेक एकामागे एक लावून ऐकवले तेव्हा फरक स्पष्ट होता. पुन्हा पाणी, पुन्हा थाप.

हा वेळ मी अंदाजपत्रकात ‘वाद्य मिळवणे’ म्हणून वेगळा धरला होता आणि स्टुडिओशी आधीच बोलून ठेवलं होतं की सकाळचा पहिला तास अर्ध्या दराने मोजायचा. त्यामुळे काकांना घाई करावी लागली नाही. माझ्या मते चामड्याची वाद्यं असलेल्या प्रत्येकाने ही बोलणी करावीच. घाईघाईत मिळवलेला पखवाज नंतर कुठल्याच मिक्सिंगमध्ये सुधारत नाही.

सगळ्यांनी एकत्र बसून वाजवायचं तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जातो. गाणाऱ्याचा एखादा सूर नंतर मशीनवर दुरुस्त करता येत नाही, कारण त्या सुराबरोबर टाळही हलतो. एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा. म्हणून बावीस हजारांचा अभंग स्वस्त दिसला तरी त्याची तालीम पन्नास हजारांच्या गाण्याहून जास्त झाली होती. तानपुरा ॲपवर न लावता माझाच मिरजेचा तानपुरा घेतला. जवारी (तारांचा नाद खुलवणारी घोडीची घासणी) आधी लावून घेतली, तारा नव्या घातल्या. तेवढा खर्च घरखर्चात गेला, अल्बमच्या कागदावर नाही.

मागे गायला आमच्या भागातल्या भजनी मंडळातल्या चौघी होत्या. प्रत्येकीचे दीड हजार कागदावर पहिल्यापासून होते. पाकीट पुढे केल्यावर एक काकू म्हणाल्या, “अगं, अभंगाचे कसले पैसे?” मी त्यांना वही दाखवली. पखवाज, हार्मोनियम, टाळ, प्रत्येकाच्या नावापुढे आकडा आणि सही होती. दिवसभर बसून, न चुकता, तीच ओळ पुन्हा पुन्हा गाणं हे काम आहे आणि कामाचे पैसे असतात. त्यांनी सही केली. नंतर कळलं की चौघींनी ते पैसे मंडळात जमा करून नवे टाळ घेतले.

वादकांच्या मानधनात घासाघीस करायची नाही, हे माझं या सगळ्यातलं सर्वांत पक्कं मत. परवडत नसेल तर वाद्य कमी करा, गाणं कमी करा, पण माणसाचा दर पाडू नका. आणि पैसे त्याच दिवशी, जाताना हातात किंवा यूपीआयने. तबल्याच्या दादांनी सांगितलं की कित्येक जण ‘रिलीज झाल्यावर बघू’ म्हणतात. ज्या वादकाला पैसे वेळेवर मिळतात तो आणखी एक टेक आपणहून देतो. तिसऱ्या गाण्याच्या शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, अशीच आली. मी ‘झालं’ म्हटलं होतं आणि दादा म्हणाले, “थांबा, एक अजून घेतो.”

मिक्सिंग करणाऱ्याशी ठरवताना नऊ हजारांत किती वेळा बदल करून मिळणार हे लिहून घेतलं. तीन वेळा ठरलं. पुढच्या प्रत्येक वेळी दीड हजार. त्यामुळे मी लगेच उत्तर द्यायचे नाही. फाइल आली की घरच्या स्पीकरवर, मोबाइलवर, इयरफोनवर आणि सोमेश्वरपर्यंत गाडीत ऐकायची, वेळ घालून लिहायचं, ‘१ मिनिट १२ सेकंदांना बासरी शब्दावर येते’ असं, आणि सगळं एकदम पाठवायचं. दोन गाण्यांना चौथी फेरी लागली, तीन हजार हाताशी ठेवलेल्यांतून गेले. मास्टरिंगला आवाज किती मोठा ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळीला आणून वाजवतं, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाहीच, उलट त्यातले चढउतार गेलेले असतात. अभंग तर मुळीच दाबू नका असं सांगितलं.

कागदपत्रांना पैसे लागले नाहीत, पण वेळ दिला. अभंगांचे शब्द सातशे वर्षांपूर्वीचे, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही. मात्र एखाद्या अभंगाची आपल्या कानात बसलेली चाल कुणा संगीतकाराची असते आणि ती संरक्षित असू शकते. लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क चालतो. म्हणून दोन्ही अभंगांना चाली माझ्याच. एका पालकांनी सुचवलं होतं की एखादं गाजलेलं जुनं भावगीत घ्या, लोक ऐकतील. कॉपीराइट कायद्यात त्यालाही वाट आहे. मूळ गाणं येऊन पाच वर्षं झालेली हवीत, हक्कधारकाला आधी कळवायला हवं आणि रॉयल्टी वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची धरावी लागते. आमच्या तीनशे पुस्तिकांपुढे तो आकडा पाहिला आणि विषय संपला.

कवी-मित्राशी एका पानाचा करार केला. तो म्हणाला, “आपल्यात कशाला?” पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दिल्याचं लेखी लागतं, मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरली जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही, त्याने स्वतः म्हटलं तरी. मला ही तरतूद फार न्यायाची वाटते. पाच हजार हे शब्दांचं मानधन आणि पुढे जे येईल त्यातला निम्मा वाटा त्याचा, असं दोघांनी सही करून ठेवलं. वादकांच्या पावतीवर त्यांचं नाव पुस्तिकेत आणि ऑनलाइन नोंदीत कसं छापायचं तेही त्यांच्याच हाताने लिहून घेतलं.

ऑनलाइन वितरणासाठी, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवण्यासाठी, वर्षाला पैसे घेणाऱ्या कंपन्या आहेत आणि एकदाच घेणाऱ्याही. वर्षाचे भरायचे थांबवले तर गाणी खाली येऊ शकतात, म्हणून मी एकदाच घेणारी निवडली. प्रत्येक रेकॉर्डिंगला त्याच्या ओळखीचा, अक्षरं आणि आकडे मिळून बारा खुणांचा आयएसआरसी क्रमांक लागतो, तो तिथूनच मिळाला. स्ट्रीमिंगमधून पैसे परत येतील असं मी कागदावर कुठेही धरलं नव्हतं. स्पॉटिफायवर २०२४पासून एखाद्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम्स नसतील तर त्याची रॉयल्टी मिळतच नाही. जमेच्या बाजूला मी फक्त पुस्तिका धरली. सहा गाण्यांचे शब्द, अभंगांचा अर्थ, सगळ्या वादकांची नावं आणि मागच्या पानावर क्यूआर कोड. चाळीस रुपयांत छापून झाली, दीडशेला ठेवली. छपाईचे पैसे पहिल्याच कार्यक्रमात निघाले. आता क्लासमधले पालक, भजनी मंडळं, कोणाच्या वास्तुशांतीला भेट म्हणून, अशा ती जात राहतात. पुस्तिकेत शब्द वाचत गाणं ऐकणारे लोक भेटतात, आणि अमुक ओळीचा अर्थ काय असं विचारतात, तेव्हा बारा हजारांचा तो रकाना मला सगळ्यांत सार्थ वाटतो.

शेवटचा ताळा असा आला. तालमीमुळे स्टुडिओचे चार-पाच तास वाचले. जेवणखाण आणि रिक्षा अंदाजाहून दोन हजारांनी वाढलं. मिक्सिंगचे ते तीन हजार जास्तीचे. हाताशी ठेवलेल्यांतले वीस हजारांच्या वर शिल्लक आहेत आणि त्याला पुन्हा आरडीची जोड दिली आहे. बाजूला ठेवलेल्या दोन गाण्यांपैकी एकीचा अंतरा आता पक्का झाला. दुसरीची चाल मित्राला ऐकवली, तर त्याने शब्दच बदलून दिले आणि ती वेगळीच झाली. दोघींच्या ओळी एक्सेलमध्ये भरून ठेवल्या आहेत. एकीला फक्त सारंगी हवी आहे, आणि नाशिकमध्ये सारंगी मिळवणं सोपं नाही, त्यामुळे तिच्यासमोरचा आकडा अजून रिकामा आहे. तबल्याच्या दादांनी येत्या पितृपक्षाच्या तारखा आत्ताच लिहून घेतल्या आहेत.